चाल बदलली, तर वय झाले म्हणून सोडू नका

आपल्या वस्तीत घराच्या भिंती पातळ आणि गल्ल्या अरुंद असतात. दाराबाहेरून कोण गेले हे आपण न बघता सांगतो. ही शेजारची मावशी, हा कामावरून आलेला दादा, ही शाळेतून पळत आलेली लेक. पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखणारे आपण, पण तोच आवाज बदलला की त्याकडे दुर्लक्ष करतो. ‘वय झालं’, ‘कुठंतरी मुरगळला असेल’, ‘कामाचा कंटाळा, दुसरं काय’ अशी काहीतरी कारणे देऊन मोकळे होतो.

विहाराच्या अंगणात झालेल्या एका आरोग्य तपासणीत आम्हाला एक ताई भेटल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, चाळिशीच्या. रक्तदाब तपासायला आल्या होत्या. चालत येताना त्यांची डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि त्यांना ते कळलेच नाही. घरचे म्हणाले, ‘ती तशीच धांदरट आहे, दोन वर्षं झाली, चप्पल कुठंही पडते.’ आम्ही त्यांना टाचांवर चालून दाखवायला सांगितले. डावे पाऊल वर उचललेच जाईना. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला फिकट चट्टा होता, तिथे स्पर्श कळत नव्हता. तपासणीअंती कुष्ठरोग निघाला. औषधाने रोग पूर्ण बरा झाला. पण पावलाची गेलेली ताकद पूर्ण परत आली नाही, कारण दोन वर्षे आधीच गेली होती. ती चप्पल दोन वर्षे काहीतरी सांगत होती आणि ऐकणारे कोणी नव्हते. म्हणून या महिन्याचे आरोग्य पान आम्ही चालण्यावर लिहीत आहोत.

निरोगी चाल कशी असते

विहारात चंक्रमण करणाऱ्यांना हे लवकर समजेल. सावकाश चालताना लक्ष पावलावर ठेवले की पाऊल उचलणे, पुढे नेणे, टेकवणे या गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. उजवी टाच जमिनीला टेकली तिथपासून पुन्हा उजवीच टाच टेकेपर्यंत चालण्याचा एक फेरा होतो. तो साधारण एका सेकंदात संपतो. त्यातला सुमारे ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. एका फेऱ्यात दोन वेळा, प्रत्येकी सुमारे १० टक्के, दोन्ही पाय जमिनीवर असतात. धावताना असा वेळ येतच नाही. तोल जाण्याची भीती असली की हाच काळ वाढतो. पावसाळ्यात चिखलाच्या गल्लीतून आपण कसे चालतो ते आठवा. पाय फाकवून, लहान लहान पावले टाकत. कोरड्या, सपाट जमिनीवरही कोणी तसेच चालू लागले, तर त्या माणसाच्या शरीराला तोलाची खात्री राहिलेली नाही, असे समजावे.

निरोगी चालीत आधी टाच टेकते, मग तळवा, आणि शेवटी चवडा आणि अंगठा जमिनीला रेटा देऊन पाय पुढे नेतात. उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे येतो. दोन्ही पावलांचे अंतर आणि वेळ सारखी असते. धडधाकट मोठा माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२० पावले टाकतो.

हे सगळे सोपे वाटते, पण त्यासाठी बरेच अवयव एकत्र काम करतात. मेंदू हुकूम देतो, मज्जारज्जू आणि नसा तो पोहोचवतात, स्नायू ओढतात, हाडे आणि सांधे भार पेलतात. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि तळपायाची जाणीव मिळून शरीर कुठे आहे ते मेंदूला कळवतात. यांतले काही बिघडले की चाल बदलते. काय बिघडले त्याप्रमाणे ती वेगवेगळ्या तऱ्हेने बदलते. म्हणून जाणकार डॉक्टर रुग्ण दारातून आत येतानाच त्याच्याकडे बघत असतो.

दुखरा पाय आणि झुकणारी कंबर

सगळ्यात जास्त दिसते ती दुखऱ्या पायाची चाल. दुखणाऱ्या पायावर माणूस कमीत कमी वेळ उभा राहतो आणि चटकन दुसऱ्या पायावर येतो. काटा, भेग, मुरगळ, गुडघ्याची झीज अशी साधी कारणे बहुतेक वेळा असतात. आठ-पंधरा दिवसांत लंगडणे थांबले नाही, तर मात्र दाखवून घ्यावे.

इथे विदर्भातल्या आपल्या घरांना एक गोष्ट खास सांगायची आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात बराच आढळतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्यात, म्हणजे मांडीच्या वरच्या सांध्यात, मांडीच्या हाडाचा जो गोल भाग बसतो, त्याचा रक्तपुरवठा असा तुटला तर ते हाड मरू लागते आणि खचते. ऐन विशीतला मुलगा जांघेत दुखते म्हणतो, लंगडतो, जड काम टाळतो आणि घरचे त्याला आळशी ठरवतात. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, त्यामुळे गुडघ्याला तेल चोळण्यात महिने जातात. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसले नाही, तरी एमआरआयमध्ये दिसू शकते. सिकलसेलचा रुग्ण लंगडू लागला, तर थांबू नका. घरात कोणाला सिकलसेल असेल आणि इतरांची तपासणी झाली नसेल, तर ती करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. देशातून सिकलसेल हटवण्याचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. दारूने आणि डॉक्टरांना न विचारता दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही खुब्याचे हाड असेच मरू शकते, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी चाल बदकासारखी, दोन्ही बाजूंना डुलणारी. एका पायावर उभे असताना कंबर सरळ धरून ठेवण्याचे काम खुब्याच्या बाजूचे स्नायू करतात. ते अशक्त झाले की कंबर दुसऱ्या बाजूला खाली जाते आणि माणूस तोल सांभाळायला अंग झुकवतो. अंधाऱ्या खोलीत दिवसभर विड्या वळणाऱ्या किंवा घरबसल्या काम करणाऱ्या ज्या बायकांना ऊन मिळत नाही, त्यांच्यात ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडे मऊ पडतात. कंबर-मांड्या ठणकतात, बसल्या जागेवरून उठताना हात टेकावे लागतात, चाल डुलते. याला ‘बाईमाणसाचं दुखणं’ म्हणून सोडू नये. तपासून औषध घेतले तर हे बरे होते.

पाऊल घासते, चप्पल निसटते

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, पाऊल वर उचलणारी नस हाडाला चिकटून जाते. ती दुखावली की पाऊल लोंबते आणि बोटे जमिनीला घासतात. ती अडखळू नयेत म्हणून माणूस पायरी चढल्यासारखा गुडघा उंच उचलतो, आणि पाऊल फटकन आपटते. कुष्ठरोग, मधुमेह, कमरेतल्या मणक्याची दबलेली नस ही याची कारणे. सतत उकिडवे बसून काम केल्यानेही ही नस दबते. लहान मुलांच्या कुल्ल्यात चुकीच्या जागी इंजेक्शन दिल्यानेही पाय असा लुळा पडू शकतो. तापासाठी कुणाकडूनही सुई टोचून घेण्याची आपली सवय म्हणूनच महागात पडते.

कुष्ठरोगाविषयी स्पष्ट सांगतो. तो जंतूंमुळे होतो, कुणाच्या पापामुळे नाही. सरकारी दवाखान्यात ६ किंवा १२ महिन्यांचे औषध मोफत मिळते आणि औषध सुरू होताच रुग्णापासून लागण होण्याचा धोका झपाट्याने संपतो. नसेची ताकद नुकतीच, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, गेली असेल तर वेगळ्या औषधाने ती परत येण्याची आशा चांगली असते. नंतर ती कमी होत जाते. लाजेपोटी लपवलेला प्रत्येक महिना पायातून वजा होतो.

मेंदू आणि मज्जारज्जू बिघडतात तेव्हा

अर्धांगवायू झालेल्या माणसाची चाल आपण पाहिलेली असते. एक पाय काठीसारखा ताठ, तो बाहेरून अर्धगोल फिरवत पुढे येतो, आणि त्याच बाजूचा हात कोपरात वाकून छातीशी राहतो. ही चाल पुढची अवस्था आहे. तिच्याआधी एक दिवस असा असतो, जेव्हा तोंड एकाएकी वाकडे होते, हात उचलत नाही, बोलणे अडखळते, पाय ओढला जातो. त्या दिवशी घड्याळ बघायचे. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आतच देता येते. आधी स्कॅन करावा लागतो, म्हणून तिथे पोहोचायला त्याहून कमी वेळ हातात असतो. १०८ ला फोन करा आणि स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. झाडपाला, मालिश, उतारा यांत तास घालवू नका. आणि तासाभरात आपोआप बरे वाटले तरीही जा. तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

कंपवातात चाल वेगळी होते. पावले लहान, घसटत, अंग पुढे वाकलेले. वळायला अनेक पावले लागतात, उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थिजतात. पुष्कळदा हात थरथरण्याआधीच चालताना एका बाजूचा हात हलेनासा होतो. ‘बाबा हल्ली एक हात खिशात ठेवल्यासारखे चालतात’ हे वाक्य आम्ही घरोघरी ऐकले आहे. यावर औषध आहे आणि त्याने चाल सुधारते. पाय थिजत असतील तर जमिनीवर पावलाच्या अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात. त्या ओलांडायच्या म्हटल्यावर पाऊल उचलले जाते.

पाय फाकवून, झोकांड्या खात चालणारा प्रत्येक जण प्यालेला नसतो. तोल राखणाऱ्या लहान मेंदूच्या आजारात न पिणारा माणूसही तसाच चालतो आणि लोक त्याला नावे ठेवतात. वर्षानुवर्षे दारू पिण्याने लहान मेंदू झिजतो, आणि मग दारू न घेतलेल्या दिवशीही झोक जातो, हेही तितकेच खरे. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत पायांना मुंग्या येतात आणि जमीन कापसासारखी लागते. उजेडात माणूस ठीक चालतो, पण अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की डोलतो. हे लवकर ओळखले तर इंजेक्शनने भरून येते. उशीर झाला तर नसांचे नुकसान कायमचे राहू शकते.

पाठ दुखते, संध्याकाळी ताप येतो, वजन घटते आणि हळूहळू दोन्ही पाय ताठ होऊन चाल अवघड होते, तेव्हा मणक्याच्या क्षयरोगाची शंका घ्यावी. क्षयरोग फक्त छातीचा नसतो. त्याचीही तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

मुलांची चाल: काय नेहमीचे, काय नाही

बहुतेक मुले १२ ते १५ महिन्यांत चालू लागतात. दीड वर्षापर्यंत चालले नाही, तर दाखवावे. नुकते चालणारे मूल पाय फाकवून, हात वर धरून चालते, ते बरोबरच आहे. साधारण दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात, तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे एकमेकांना लागतात आणि सात वर्षांपर्यंत बहुतेकांचे पाय आपोआप सरळ होतात. लहान मुलाचा तळवा सपाट असतो, त्याची कमान पुढे तयार होते. यासाठी पाय बांधून ठेवणे, ओढणे किंवा महागडे बूट घेणे नको.

पुढील गोष्टी मात्र दाखवाव्यात. एकच पाय वाकडा आहे किंवा वाकडेपणा वाढत चालला आहे. मूल चालायला लागल्यापासूनच न दुखता लंगडते, म्हणजे खुबा जन्मापासून सांध्याबाहेर असू शकतो. तीन वर्षांनंतरही चवड्यांवरच चालते, किंवा गुडघे कात्रीसारखे एकमेकांवर येतात. तीन ते पाच वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, पोटऱ्या फुगीर दिसतात आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात ठेवत अंगावर चढल्यासारखा उठतो. हा स्नायूंच्या आनुवंशिक आजाराचा इशारा असू शकतो. जन्मतः आत वळलेली पावले पहिल्या काही आठवड्यांपासून दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ करता येतात. बहुतेकांना मोठ्या शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. अंगणवाडी आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, तेव्हा मुलाला मुद्दाम हजर ठेवा आणि शंका बोलून दाखवा.

या वेळी थांबायचे नाही

ताप आणि त्याबरोबर मूल पाय टेकायला तयार नाही: सांध्यात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

१५ वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला: लगेच न्या. २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी अशा प्रत्येक मुलाची तपासणी आजही केली जाते.

कंबरदुखीबरोबर दोन्ही पायांत अशक्तपणा, लघवी अडणे किंवा सुटणे, बसायच्या जागी बधिरपणा: मणक्यातल्या नसा दबल्या आहेत, काही तासांचाच प्रश्न आहे.

म्हातारे माणूस पडले आणि पाय आखूड व बाहेर वळलेला दिसतो: खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. चालवून बघू नका, मालिश करू नका.

घरी बघण्यासारखे

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एक सोपी चाचणी आहे. खुर्चीवर बसवा, दहा फूट, म्हणजे तीन मीटर, अंतरावर खडूने रेघ काढा. उठून नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळून परत येऊन बसायचे. शेजारी कोणीतरी उभे राहावे. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवा. तोवर घरातला ओला फरशीचा कोपरा, सैल चप्पल आणि मोरीकडे जाणारी अंधारी वाट, एवढे तरी आधी नीट करा.

चपला उलट्या करून बघा. एकीची टाच फार झिजली आहे का, एकीचाच पुढचा भाग घासला आहे का? डॉक्टरांकडे जाताना त्या सोबत न्या. मोबाइलवर चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ समोरून, मागून आणि बाजूने काढून ठेवा. दवाखान्याच्या गर्दीत डॉक्टरांना चालवून बघायला वेळ मिळाला नाही, तरी तो दाखवता येतो. आणि चार गोष्टी सांगा: कधीपासून, कोणता पाय, दुखते की नाही, एकदम झाले की हळूहळू.

काठीबद्दल एक चूक फार दिसते. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नसते. उजवा गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकावी. उभे राहून हात सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा शहरात वॉर्डाच्या दवाखान्यातून करावी. आशाताईंना विचारा, पुढची चिठ्ठी तिथूनच मिळते. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. चालण्याच्या अडचणी, कॅलिपर आणि कृत्रिम पाय यांसाठी ती जुनी आणि खात्रीची जागा आहे. चालण्यातली अडचण कायमची राहिली, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत कुष्ठरोगातून बरे झालेले, सिकलसेल आणि कंपवाताचे रुग्णही येतात. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असले की राखीव जागा आणि अनेक योजनांचा हक्क मिळतो. तो मागायला लाज कसली?

शेवटी एक विनंती. आपल्या गल्लीत कोणाला त्याच्या चालीवरून नाव पडले असेल, तर ते नाव आजपासून तोंडातून काढून टाका. ज्याला आपण चिडवतो, तो तपासायला जायलाही लाजतो. त्या ताई आजही कामाला जातात. पावलाला प्लास्टिकचा आधार लावतात, मागे पट्टा असलेली चप्पल घालतात, रोज रात्री तळवे तपासतात. आता वस्तीत कोणाची चप्पल वाटेत निसटली, तर आधी त्याच विचारतात, ‘पायाला लागलेलं कळतं ना गं?’ हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जावा, एवढीच आमची इच्छा आहे.